वायरमनच्या गळ्यातली किल्ली

गाडीची किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवल्याशिवाय आमचा वायरमन बॉनेटला हात लावायचा नाही. त्यासाठी त्यानं एक जाड काळा दोरा करून ठेवला होता. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं, की हा आधी हात पुढं करायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री लोक असून काय रीत आहे बघा, हात मिळवतोय. ते बिचारं हात हातात घ्यायचं. मग हा म्हणायचा, "किल्ली."

किल्ली गळ्यात गेली, की घड्याळ खिशात. मग बॅटरीची वायर सोडायची आणि तिचं टोक फडक्यात गुंडाळायचं, तान्ह्या पोराला गुंडाळतात तसं. एवढं करून गाडीभोवती एक फेरी मारायची आणि काचेतून आत बघत विचारायचं, "आत कोन बसलंय का?" आत कोणी नसायचं. किल्ली तर ह्याच्याच गळ्यात. तरी विचारायचा.

मी इंजिनाचा मिस्त्री. शाळा माझी चौथीत सुटली, पण आवाजावरून इंजिन ओळखण्यात मला कोणी मास्तर भेटला नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. माझं आणि वायरमनचं शेड एकाच पत्र्याखाली होतं, मध्ये पोत्याचा पडदा. शनिशिंगणापूरच्या शिवारात एक पेट्रोल पंप होता, त्याच्या मागच्या बाजूला. शिवार शिंगणापूरचं म्हटल्यावर शेडला दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. माझे पाने रात्रभर उघड्यावर पडलेले असायचे आणि सकाळी जागच्या जागी असायचे. वायरमन मात्र रोज संध्याकाळी आपलं सगळं सामान पोत्यात भरून, सायकलच्या कॅरेजला बांधून सोनईला घरी न्यायचा.

मला त्याचा राग यायचा. हा आमच्या गावाचा अपमान झाला.

"शिंगणापुरात चोरी व्हती का वो वायरमन? आख्खा मुलूख बघायला येतो, घरांना दारं न्हाईत म्हनून."

"चोराची भीती न्हाई मिस्त्री," तो गाठ आवळत म्हणायचा. "उंदराची हाय. वायर खातो."

सकाळी तो आला की म्हणायचा, "जयभीम, मिस्त्री." मी म्हणायचो, "रामराम, वायरमन." इतकी वर्षं एका पत्र्याखाली काढली, पण ना त्यानं आपला नमस्कार बदलला, ना मी. त्याच्या वडलांनी दीक्षा घेतलेली. देवाधर्माचं, साडेसातीचं, अमावस्येचं त्याला काही नव्हतं. मी पडलो शनीच्या पायाशी जन्मलेला. शनिवारी घरात नवं लोखंड आणि तेल आणायचं नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोराला ठाऊक. आणि आमचा धंदा तर सगळा शनिवारचा, दर्शनाच्या गाड्यांचा. मग मी काय करायचो, शनिवारी गाडीला नवा नट लागला तर बसवून द्यायचो आणि गिऱ्हाइकाला बजावायचो, "हा नट आज माझाच हाय बरं का. उद्यापासून तुमचा."

पोत्याच्या पडद्यामागून हसू यायचं. "शनिदेवाला वार कळतो, आन् तुमची लबाडी कळत न्हाई व्हय, मिस्त्री?"

"तुमी बोलू नका. शनीला भ्येत न्हाई आन् फ्यूजला भ्येतो, असला मानूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाई."

"फ्यूज कुनाला सोडत न्हाई," तो म्हणायचा. "भक्त असू, नायतर नसू."

त्याच्या भ्यायला कारण होतं, ते मला ठाऊक होतं. उजव्या हाताचं मधलं बोट त्याचं एका पेरानं आखूड होतं. तरुणपणी नगरच्या एका गॅरेजात हा इंजिनात हात घालून बसलेला आणि आतल्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. पंख्यानं बोट नेलं. तो ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला होता, "मी नुसती लाईट बघत हुतो." हे वाक्य वायरमननं जपून ठेवलं होतं. कोणी उगीच स्टेअरिंगपाशी रेंगाळलं, की हा लांबून ओरडायचा, "काय वो पाव्हणं, नुसती लाईट बघताय ना?" पाव्हण्याला काही कळायचं नाही, पण तो गाडीपासून लांब व्हायचा.

ते सगळं ठीक. पण माझ्याकडं इंजिनाचं टायमिंग बसवायला आलेली गाडी त्याच्याकडं वायरिंगलाही असली, की मला इंजिन चालू करून बघायला त्याला हाक मारावी लागायची. मग तो यायचा, स्वतः आत बसायचा, स्वतः किल्ली फिरवायचा आणि परत गळ्यात घालून जायचा. मी, ज्यानं आख्ख्या तालुक्याची इंजिनं उघडून बांधली, त्या मला हा किल्ली द्यायचा नाही. एकदा मी चांगलाच तापलो.

"माझ्यावर इश्वास न्हाई तुमचा?"

"तुमच्यावर हाय," तो म्हणाला. "तुमच्या घाईवर न्हाई."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज "जयभीम, मिस्त्री" म्हणत राहिला.

मग त्या कॉम्प्युटरच्या गाड्या यायला लागल्या. कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी कुठंतरी डॅशबोर्डाखाली एक डबा, आणि काट्यांच्या मधे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. तो दिवा लागला, की गाडीत काहीतरी बिघडलं एवढं कळायचं. काय बिघडलं ते दिवा सांगायचा नाही. ते विचारायला मशीन लागायचं, आणि ते मशीन नगरला. आम्ही अशा गाड्या नगरला पाठवून द्यायचो. माझं म्हणणं सरळ होतं. हवा, पेट्रोल आणि ठिणगी, ह्यापलीकडं इंजिनात काही नसतं. दिवा लागू दे नाहीतर विझू दे. पण गिऱ्हाईक मशीन विचारायचं आणि मशीन नाही म्हटलं की गाडी वळवायचं.

ते पंपाच्या मालकाच्या डोळ्यावर आलं. मालक म्हणजे वाईट माणूस नव्हता. भाविक होता, हौशी होता, आणि जागा त्याची होती. एक दिवस आम्हा दोघांना बोलावून म्हणाला, "नगरचा एकजण मशीन घिऊन हितं बसायला तयार हाय. पन त्याला दोनी शेड पायजेत. मी अजून हो म्हनलो न्हाई. मशीन मी घेतो, चालवायचं तुमी. शनि-अमावस्येला गर्दी उसळंल. त्या दिवशी पिवळ्या दिव्याची गाडी आपल्या पंपावरून तशीच माघारी गेली, तर मग तुमी दोघंबी आपापलं सामान उचला. मला बोल लावायचा न्हाई."

पन्नाशी उलटलेला मी. दुसरीकडं कुठं जाऊन पत्रा ठोकणार होतो?  आणि मशीन चालवणार कोण, तर जो बॅटरीच्या वायरला दुपट्यात गुंडाळतो तो.

मालकानं पुण्याहून मशिनं विकणारा एक टायवाला बोलावला. त्यानं दोन मशिनं आणली आणि आठवडाभर वापरून बघा म्हणून आमच्याकडं ठेवली. एक होती पेटी. हार्मोनियमएवढी, पत्र्याची, वजनदार. तिच्याबरोबर एक थैली, आणि थैलीत मशीन गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे नाना तऱ्हेचे प्लग, कारण त्या काळात प्रत्येक कंपनीच्या गाडीचं सॉकेट निराळं. दुसरी होती डबी. हातात मावणारी, काळी, चकचकीत. तिला एकच प्लग.

"काका, पेटी आता जुनी होत चालली," टायवाला मला म्हणाला. "पुढं सगळ्या गाड्यांना एकच सॉकेट येणार आहे. भविष्य डबीत आहे."

मालकाला डबी आवडली, चकचकीत म्हणून. मला पेटी बरी वाटली, वजन होतं म्हणून. वायरमननं दोन्हींना हात लावला नाही. आधी विचारलं, "चुकीच्या गाडीला चुकीचा पलग लावला तर?"

टायवाला हसला. "बसणारच नाही."

"आन् बसला तर?"

टायवाला थैलीतले प्लग उलटेपालटे करून बघायला लागला. तेवढं पुरे झालं. त्या आठवड्यात वायरमननं धड भाकरी खाल्ली नाही. डबा उघडायचा, घास हातात घ्यायचा आणि पंपाच्या रांगेत गाडी आली की घास तसाच ठेवून पळायचा. प्रत्येक गाडीचं सॉकेट त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ड्रायव्हरला म्हणायचा, "जरा डोकं आत घालू का?" आणि उत्तर यायच्या आत स्टेअरिंगखाली घुसायचा. एका बाईनं आरडाओरडा करून पंप गोळा केला. एक म्हातारबाबा मात्र हात जोडून बसले. त्यांना वाटलं, शिंगणापुरात गाडीच्याही पाया पडतात.

जीपगाड्या आणि जुन्या मोटारी, त्यांना सॉकेटच नव्हतं, त्यांना मशीन काय करायचं? मधल्या काळातल्या गाड्यांना होतं, पण कुणाचं बॉनेटखाली, कुणाचं सिगारेटच्या राखेच्या डब्यामागं, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं. डबीचा प्लग बसेल असं सॉकेट अगदी कोऱ्या गाड्यांनाच, त्यातही मोजक्या.

"कोरी गाडी गॅरंटीत असती मिस्त्री," तो एकदा पडद्याआडून म्हणाला. "ती कंपनीत जाती. आपल्याकडं कवा येती? गॅरंटी सरल्यावर. नवी गाडी उद्या जुनी व्हतीच. जुनी काय नवी व्हत न्हाई."

"मंग पेटीच घ्या की! सांगा मालकाला."

"सांगतो."

पण सांगेना. पेटीतला एक-एक प्लग काढून उन्हात धरायचा, पिनांकडं बघायचा, परत ठेवायचा. "बसला म्हंजी जुळला, असं न्हाई," असं स्वतःशीच पुटपुटायचा. कुठल्या पिनेला करंट, कुठल्या पिनेला अर्थिंग, उलटं झालं तर गाडीचा कॉम्प्युटर जळणार, आणि कॉम्प्युटर जळला म्हणजे लोकाची गाडी आपण मारली. मी म्हणायचो, अहो अमावस्या आली. तो म्हणायचा, येऊ द्या. आणि पुढचा प्लग उन्हात धरायचा.

अमावस्या आली. शनिवारची ती अमावस्या, म्हणजे रस्त्यावर मुंगीला वाट नाही. सकाळी येऊन बघतो तर मालकानं पंपापुढं टेबल मांडलेलं. टेबलावर काळं कापड, कापडावर पेटी आणि डबी, दोघींना हार. भटजी नव्हते, मालक स्वतःच पूजेला उभा. नवीन वस्तू आली, तीही लोखंडाची, तीही शिंगणापुरात, आणि दिवस असा. पूजा तर व्हायलाच पाहिजे होती, मी काही चूक म्हणत नाही. हळद-कुंकू झालं, उडीद टाकले. मग मालकानं तेलाची वाटी उचलली आणि पेटीवर धार धरली. डबीवर धरली. प्लगांची थैली उघडून तिच्यातही धरली, म्हणजे कोणी राहायला नको. शेवटी नारळ पेटीच्याच कोपऱ्यावर फोडला. पाणी पेटीच्या जाळीतून आत गेलं ते मी बघितलं.

वायरमन सायकल हातात धरून उभा होता. सायकल स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही.

टायवालाही आला होता, मशिनं विकून संध्याकाळी पुण्याला जायचं म्हणून. त्याचं तोंड उतरलं. तरी तो मालकाकडं बघून हसला आणि म्हणाला, छान झाली पूजा. विकायला आला होता बिचारा.

आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. पांढरी गाडी, चार-पाच वर्षं वापरलेली, नवराबायको आणि म्हातारी आई. पिवळा दिवा लागलेला. गाडी पंपापर्यंत आली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

मालकाचा चेहरा खुलला. "बघा, देवानंच धाडली! वायरमन, लावा मशीन."

माणसं गोळा झाली. वायरमननं किल्ली मागून घेतली, गळ्यात घातली. मग थैलीत हात घालून त्या गाडीचा प्लग काढला. प्लगातून तेल ठिबकत होतं.

तो तेल निथळणाऱ्या प्लगाकडं बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. लावावा, तर लोकाची गाडी जळणार. लावत नाही म्हणावं, तर का म्हणून विचारणार. पूजेच्या तेलानं मशीन नासलं, हे वाक्य, अमावस्येच्या दिवशी, शिंगणापुरात, आणि ते त्याच्या तोंडून! लोक म्हणतील, ह्याला देवाचं वावडं. मालकाला ते लागणार, आणि मग दोन्ही शेड नगरवाल्याला. 

"लावा की," मालक म्हणाला. आवाज बदलला होता. "काय अडचन हाय?"

वायरमननं मान वर केली. "मालक, ही मशिनं तुमी घेतली का? म्हंजी सौदा झाला का?"

"आज करायचा. हे पाव्हणे त्यासाठीच आलेत."

"आज वार कोनता?"

"शनिवार की," मालक म्हणाला.

"मला काय, मी मानत न्हाई," वायरमन सावकाश म्हणाला. "पन तुमी मानता. मी आपलं मिस्त्रींला इचारतो. का वो मिस्त्री? शनिवारी नवं लोखंड घेत्यात का? वापराया काढत्यात का?"

सगळे माझ्याकडं वळले. इतकी वर्षं ज्यानं माझ्या शनिवारची टिंगल केली, तो माणूस तोच शनिवार माझ्याकडं उसना मागत होता. मनात आलं, म्हणावं, आता कसं? पण त्याच्या हातातल्या प्लगातून तेल अजून ठिबकत होतं.

"न्हाई घेत," मी म्हणालो. "शनिवारी लोखंड न्हाई घेत, आन् तेल लागलेलं तर न्हाईच न्हाई. आज ते देवापुढं ऱ्हाऊ द्या. उद्या काढा."

खरं तेच बोललो. शब्द माझा, रीत गावाची.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, खरंच की! ह्यांना कसं सुचलं न्हाई?"

मालकानं जीभ चावली, डोक्यावरची टोपी काढली आणि देवळाच्या दिशेनं हात जोडले. गाडीवाल्यांना म्हणाला, गाडी माघारी जात नाही, तुम्हीही जायचं नाही, आज माझ्या घरी मुक्काम. बाईंनी घाबरत विचारलं, "दाराला कडी आहे ना आतून?" मालक म्हणाला, "ताई, दारच न्हाई, तर कडी कुटं लावू?" त्या बाईंचं तोंड बघून मला जरा बरं वाटलं. माझ्याइतकंच घाबरलेलं कोणीतरी होतं.

संध्याकाळी पूजा उतरल्यावर वायरमन सायकलला मशिनं बांधताना मी जवळ गेलो. "आज शनी आठवला व्हय?"

"आठवला न्हाई," तो म्हणाला. "उपयोगी पडला."

रविवारी सकाळी मी आलो तेव्हा तो आधीच आला होता. पेटी उघडून तिचे सगळे भाग पेट्रोल आणि दात घासायच्या ब्रशनं धुतलेले, आणि नुकत्याच आलेल्या एका ट्रकच्या गरम बॉनेटवर वाळत घातलेले, पापडासारखे. ट्रक ड्रायव्हर चहा पीत बसला होता. त्याला वायरमननं उठू दिलं नव्हतं.

मग पांढरी गाडी शेडपुढं ढकलत आणली. मालक आला, टायवाला आला, बाई आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मालक म्हणाला, "डबी लावून बघा पहिली." वायरमननं डबीचा प्लग गाडीच्या सॉकेटला टेकवून दाखवला. बसला नाही. त्यानं डबी टायवाल्याच्या हातात दिली. पेटी की डबी, ती निवड तिथंच झाली.

आता पेटी. थैलीतून प्लग काढला. तो बसणारा होता. पण बसला म्हणजे जुळला असं नाही. करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन तो स्टेअरिंगखाली आडवा झाला, सॉकेटची एकेक पिन बघितली, प्लगाशी ताडून बघितली, परत बघितली. मालक घड्याळाकडं बघत होता. शेवटी प्लग बसवला आणि तो तसाच आडवा राहिला, एक हात प्लगावर, जरा काही वास आला की उपटायला. आता किल्ली फिरवायची होती. आणि किल्ली त्याच्या गळ्यात, तो खाली.

दुसरं कोणी असतं तर मालकाला म्हणालं असतं, बसा आत. त्यानं मोकळ्या हातानं, त्या आखूड बोटाच्या हातानं, गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला आणि माझ्याकडं धरला.

"मिस्त्री. मी 'आता' म्हनल्यावर. त्याच्या आधी न्हाई."

मी आत बसलो. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. किल्ली लावली आणि हात तिथंच ठेवून थांबलो. तो काही बोलेना. बाहेर कोणीतरी खोकलं. मी हात हलवला नाही. 

"आता."

फिरवली. पिवळा दिवा लागला. पेटीवर हिरवी अक्षरं उमटली. वास आला नाही. धूर आला नाही. टायवाला अक्षरं वाचून म्हणाला, हवा मोजायच्या सेन्सरची वायर तुटलेली दिसते. वायरमननं हवेच्या फिल्टरखाली हात घालून वायर ओढून काढली. टोक कुरतडलेलं होतं.

"उंदीर," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला ती वायर सापडली असती. दुपार लागली असती, पण सापडली असती. असो. मालकानं पेटी ठेवून घेतली, नगरवाल्याला नाही म्हणून कळवलं, आणि पुढं रस्ता रुंद होईपर्यंत ते दोन्ही शेड तिथंच राहिले. वायरमनही राहिला. पोत्यात आता पेटीपण जायची, रोज सोनईला.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी अजून गाडीतच बसलो होतो. वायर जोडून झाली होती, इंजिन मऊ चालत होतं, बाहेर मालक टायवाल्याशी हसून बोलत होता. मी इंजिन बंद केलं. तेवढ्यात काचेतून एक हात आत आला. तेलानं माखलेला, मधलं बोट आखूड. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी तरी. मी तो हात हातात घेतला आणि घट्ट दाबला.

त्यानंही दाबला. मग म्हणाला, "किल्ली."